मिरीचं पथ्य

कॅनडा कॉर्नरजवळ, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
मिरीला मी पुढून धरलं, नानांनी मागून.
अकरा वर्षांची. आता अकरा किलोचीही नाही.

डॉ. गायधनी सुई काढत नाहीत.
नुसतं विचारतात आणि लिहून घेतात.
सकाळी काय? वाटी केवढी?
घरात अजून कोण कोण देतं?
"दुसरं कोणी नाही," मी म्हटलं.
नाना भिंतीवरच्या मांजराच्या सांगाड्याकडे
फार लक्ष देऊन पाहू लागले.

दूध, थोडं. चहातलं बिस्कीट, कधीमधी.
भाकरी, तूप लावून.
चिकन म्हणजे त्याचं पाणीच हो, हळदीचं.
मीठ?
इथे मी अडखळले.
आपल्याकडे मीठ घातलं का, असं कोण विचारतं?
ते पडलेलंच असतं.

क्रिएटिनिन चार पॉइंट दोन.
त्याखाली त्यांनी रेघ मारली
आणि मान वर न करता विचारलं,
"द्राक्षं?"

नाशकात हा काय प्रश्न झाला?
माघ सरता सरता पिंपळगावहून मामेभावाचं कॅरेट येतं,
एक्स्पोर्टला न गेलेला माल,
घड विस्कटलेले, मणी तडकलेले,
पण गोडी अशी की बोटं एकमेकांना चिकटतात.
संध्याकाळी गॅलरीत नाना:
एक मणी स्वतःला, एक मिरीला,
मोजून.
छत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या त्यांनी,
लोकांच्या.
कमी नाही, जास्त नाही.

"देतो की," नाना म्हणाले.
"आवडतात तिला. बिनबियांचीच देतो."

पेन थांबलं.
खाली कुणीतरी रिव्हर्स घेत होतं,
त्याची ती शिट्टी संपेचना.

"काका, कुत्र्यांच्या किडनीला द्राक्षं चालत नाहीत.
मनुकाही नाही.
एखाद्याला काहीच होत नाही, एखाद्याला चार मणी पुरतात.
त्यामुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही.
वयही आहे तिचं."

नानांनी ऐकलं
फक्त पहिलं वाक्य.

येताना द्वारकेला रिक्षा अडकली.
मिरीचं डोकं माझ्या मांडीवर,
कागद नानांच्या खिशात, चार घड्यांचा.
भात, पेज काढून, ऐंशी ग्रॅम.
अंड्याचं पांढरं फक्त.
दुधी चालेल. पाणी मागेल तितकं.
उड्डाणपुलाखाली ते एकदम म्हणाले,
"मग मला कोणी सांगितलं का नाही?"
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं,
त्याला वाटलं, त्यालाच विचारलं.

भांडीबाजारातून काटा आणला.
नाना चष्मा पुसून बसतात,
दोन शितं काढतात,
एक परत टाकतात.
ऐंशी म्हणजे ऐंशी.
मिरी हुंगते, तोंड फिरवते,
तिला एवढा नीटनेटकेपणा नको असतो.
मग ते जमिनीवर मांडी घालून बसतात, गुडघा दुखत असून,
आणि भिंतीकडे बघत राहतात,
कारण बघितलं की ती खात नाही.
वहीत नोंद: दिले ८०, खाल्ले ४१.
खाली सही.
सही कशाला, मी विचारलं नाही.

मामेभावाचा फोन आला, गाडी निघतेय म्हणून.
"यंदा नको रे," नाना म्हणाले. "शुगर वाढलीय माझी."
त्यांना शुगर नाही.
तो रागावला बहुतेक,
ह्या घरानं कधी नको म्हटलं नव्हतं.

आज उन्हं उतरल्यावर गॅलरीत
त्यांचा हात सवयीनं खाली गेला,
अंगठा आणि दोन बोटं जुळलेली,
मध्ये काही नाही.
मिरी उठली. पायांत बळ नसताना उठली,
आणि ती बोटं चाटली,
सावकाश, एकेक करून,
जसं काही आहेच तिथे.

नानांनी हात मागे घेतला नाही.
मला म्हणाले, "सोमवारी विचार गायधनीबाईंना,
घामाचं मीठ
ह्यात धरायचं का."